डबा गरम होता

मी एक जुना रंगाचा डबा आहे. रंग माझ्यात आता थेंबभरही उरलेला नाही, तो केव्हाच एका घराच्या दारांना लागून गेला. अंगावर निळे ओघळ आहेत, कडेला पोचे आहेत, आणि झाकणाच्या मधोमध केबल जोडण्यासाठी एक पितळी तोंड आहे. मित्रांनो, त्या तोंडातून मी आजवर एक शब्दही बोललो नाही. माझे काम बोलण्याचे नाहीच, गिळण्याचे आहे. ते मी इमानेइतबारे केले. तरीही ज्या हातांनी मला घडवले त्यांतल्याच एका हाताने केसाने माझा गळा कापला. डब्याला कुठला आला गळा, असे तुम्ही म्हणाल. आधी गोष्ट ऐका, मग बोला.

माझा जन्म एका दुकानामागच्या खोलीत झाला. दुकान पंखे आणि रेडिओ दुरुस्तीचे होते आणि ते दादा चालवत असे. खरे तर तो एकीचाच दादा होता, त्याच्या धाकट्या बहिणीचा. पण तिच्या तोंडी दिवसभर 'दादा, दादा' ऐकून गिऱ्हाइकांनीही तेच नाव उचलले. तिला सगळे 'धाकटी' म्हणत. ती खोटे दात घडवण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे बसून तिचा हात इतका बारीक झाला होता की सुईच्या टोकाएवढी फटही तिच्या नजरेतून सुटत नसे.

या भावंडांना हौशी रेडिओचे वेड होते. हे वेड तुमच्या घरात नसेल तर थोडक्यात सांगतो. परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, घरात आपला सेट मांडायचा, छपरावर तार ताणायची आणि कधी न पाहिलेल्या दूरदेशीच्या माणसाला हाक मारायची. त्याने उलट हाक दिली की दिवस सोन्याचा. यात पगार नाही की बक्षीस नाही. त्यांची आई म्हणत असे, "शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायला यांना वेळ नाही, आणि समुद्रापलीकडच्या माणसाला विचारतायत, तुमच्याकडे हवा कशी आहे."

सेट दुरुस्त केला की तो बोलतो का हे पाहावे लागते. पण ही चाचणी छपरावरच्या तारेवर करावी, तर आपली खरखर दूरवर जाऊन दुसऱ्यांच्या बोलण्यात विघ्न आणते. म्हणून माझ्यासारखा एक गिळणारा लागतो. घराची दारे रंगवून झाल्यावर आईने मला कचऱ्यात टाकायला काढले होते. दादाने मला उचलले, घासूनपुसून लख्ख केले, पोटात रोधाची एक जाडजूड कांडी बसवली आणि वर तेल ओतले. सेटची सगळी ताकद केबलमधून माझ्या पोटात येते, कांडी तापते, तेल ती उष्णता पिऊन टाकते आणि आवाज जगात जात नाही. जाणकार मला डमी लोड म्हणतात. घरात माझे नाव पडले मुका.

कांडी आणि माझे पितळी तोंड यांच्यामधला सांधा मात्र दादाने घातला नाही. तापवलेले सोल्डरचे हत्यार त्याने धाकटीच्या हाती दिले. तिने श्वास रोखून सांधा घातला. दादाने तो ओढून पाहिला, वाकवून पाहिला, दिव्याखाली धरून पाहिला.

"माझ्यापेक्षा बरा जमलाय," तो म्हणाला. "कुणाला सांगू नकोस."

दोघेही हसले. तिचा तो पहिला सांधा, आणि तो आजही माझ्या पोटात आहे. एवढे ध्यानात ठेवा.

पुढची वर्षे माझ्या कौतुकाची होती. गावातल्या हौशी मंडळींचे एक मंडळ होते. कुणाचा सेट नीट झाला की तो आधी माझ्याकडे यायचा आणि मगच तारेवर जायचा. मंडळाचे प्रमुख होते तारमास्तर. आयुष्यभर तारघरात टकटक करून ते निवृत्त झाले होते आणि बोलतानाही मध्येमध्ये बोटाने टेबल वाजवत. ते मला थोपटून म्हणत, "आपल्या मंडळात बोलायची हौस नसलेला सभासद हा एकच." मी आतल्या आत फुगायचो. झाकण घट्ट होते म्हणून बरे.

वर्षातून एकदा हे मंडळ मोकळ्या मैदानावर उतरत असे. वादळ-पुरात फोन बंद पडले, वीज गेली, तर नुसत्या बॅटरीवर आणि चार खांबांवर ताणलेल्या तारेवर गावाचा निरोप बाहेर पोचवता आला पाहिजे, त्याची ही तालीम. पहाटे तंबू ठोकायचे, खांब उभे करायचे, टेबले मांडायची आणि संध्याकाळपर्यंत जितक्या दूरच्या माणसांना गाठता येईल तितक्यांना गाठायचे. ऐकायला सोपे वाटते. पण घरात शहाणा असलेला माणूस मैदानावर काय काय करतो ते मी टेबलाखालून पाहिले आहे. मंडळातल्या बेकरीवाल्याने एकदा खांबाचा दोर आपल्याच गाडीला बांधला आणि मग सगळ्यांसाठी पाव आणायला तीच गाडी घेऊन निघाला. खांबही त्याच्यामागे पाव आणायला निघाला.

म्हणूनच तारमास्तरांनी एक रीत घालून दिली होती. दिवस संपला की सगळ्यांनी गवतावर गोल करून बसायचे आणि प्रत्येकाने त्या दिवशीची आपली चूक सांगायची. आपली म्हणजे आपलीच. दुसऱ्याच्या चुकीबद्दल तिथे ब्र काढायचा नाही, मग ती डोळ्यांनी पाहिलेली का असेना. ऐकणाऱ्यांनी दूषण द्यायचे नाही आणि पोटभर हसायला मनाई नाही. त्या चुकांतून निघालेला धडा मंडळाच्या खोलीतल्या फळीवर रंगाने लिहिला जाई. 'चालत्या गाडीला दोर बांधू नये' हा त्यावरचा एक धडा. तो कुणाचा हे बेकरीवाला प्रत्येक नव्या माणसाला स्वतःच सांगत असे.

मित्रांनो, मला त्या गोलाचा फार अभिमान होता. माणसे मोठ्याने आपली चूक सांगतात आणि तरी कोणी लहान होत नाही, हे मी तिथेच पाहिले.

त्या वर्षी मैदानावर नेहमीपेक्षा लगबग होती. मदतकार्याच्या कचेरीने पाण्याच्या टाकीवर कायमची अँटेना बसवायचे ठरवले होते. टाकी उंच, वारा मोठा, म्हणून सगळे सांधे असे हवे होते की वर्षानुवर्षे हलता कामा नयेत. तारमास्तरांनी त्या कामासाठी धाकटीचे नाव सुचवले होते. कचेरीच्या अधिकारी बाई मैदानावर येऊन तिचे काम पाहणार होत्या. म्हणून त्या दिवशीच्या एकूण एक केबलचे सांधे धाकटीने घातले होते. लहानपणापासून ती त्या टाकीकडे बोट दाखवून म्हणत आली होती की एक दिवस मी तिच्या डोक्यावर चढणार. आई तिला हे बोलू नकोस म्हणायची.

दादाचे टेबल मोठ्या तंबूत होते. टेबलावर सेट, सेटशेजारी एक छोटा गोल खटक्याचा स्विच. खटका डावीकडे फिरवला की आवाज माझ्याकडे, उजवीकडे फिरवला की खांबावरच्या तारेकडे. मी टेबलाखाली. नव्या माणसांना शिकवताना दादाचे ठरलेले वाक्य होते, "आधी खटका बघा, मग तोंड उघडा." खटका माझ्याकडे ठेवून जगाला हाका मारत बसणाऱ्या शिकाऊ माणसाची तो अशी नक्कल करायचा की लोक पोट धरून हसत.

त्या पहाटे त्याने रीतीप्रमाणे खटका डावीकडे फिरवला आणि सेटची चाचणी माझ्यावर घेतली. तेवढ्यात बाहेरून खांब धरायला या म्हणून हाक आली. तो उठून गेला. परत आला तो घाम पुसत, आणि घाईने माईक तोंडाशी धरून बसला. खटका डावीकडेच होता.

त्याने पहिली हाक मारली. ती माझ्या पोटात आली. त्याने दुसरी मारली, तीही आली. दादाचा आवाज मला नवा नव्हता, पण इतका आर्जवी आवाज मी कधी गिळला नव्हता. 'कोणी ऐकतंय का, कोणी ऐकतंय का,' तो म्हणत होता, आणि ऐकत होतो फक्त मी. मला ओरडून सांगावेसे वाटले, अरे, खटका बघ. पण मुक्याने ओरडायचे कसे? मला येते ते एकच, तापणे. मी जीव खाऊन तापलो.

पलीकडच्या टेबलावर धाकटीचा वेगळा सेट होता आणि तिला दूरदूरची उत्तरे येत होती. दादाच्या सेटमध्ये मात्र नुसती खरखर. दादाने तिला विचारले की मी तुला तरी ऐकू येतोय का. ती म्हणाली, "खणखणीत येतोयस." तिचे चुकले नव्हते. झाकण ठेवलेल्या पातेल्यातूनही थोडी वाफ निसटते, तसा माझ्यातूनही आवाजाचा एक धागा निसटतो. तो मैदानापलीकडे जात नाही, पण शेजारच्या टेबलापर्यंत पोचतो. या एका उत्तराने सगळ्यांची खात्री झाली की सेट ठणठणीत आहे.

मग दोष कशात? टेबलावर बाहेर जाणारी ताकद मोजणारे मीटर होते, त्याच्या काट्याने तर सगळे उत्तम असल्याचे दाखवले होते. दाखवणारच. माझ्याइतके समजूतदार पोट कुठल्या तारेला असते? पण जाणत्या लोकांची पंचाईत अशी की त्यांना प्रत्येक गोष्टीचे कारण देता येते. कोणीतरी म्हणाले, केबलचा सांधा कच्चा असला आणि तीच ताकद खात असली, तरी काटा असाच गोड बोलतो. हे खरेही आहे. सगळ्यांच्या नजरा खांबाकडे जाणाऱ्या केबलकडे वळल्या.

नेमक्या तेव्हाच अधिकारी बाई आल्या. त्या तंबूत उभ्या राहिल्या, दादाच्या हाका ऐकत राहिल्या. उत्तर येईना. धाकटी पळत आली, केबलशी गुडघे टेकून बसली आणि एकेक सांधा बोटांनी चाचपू लागली.  तिला दोष सापडत नव्हता, कारण तो तिथे नव्हताच.

दादाने पाय लांब केले. त्याची पोटरी मला लागली. चटका बसून त्याने पाय मागे घेतला, खाली वाकला आणि माझ्यावर हात ठेवला.

मित्रांनो, त्या क्षणाचा आनंद मी काय सांगू. मला वाटले, पोचला, माझा निरोप पोचला. ज्याने मला घडवले त्याला माझी भाषा कळली. त्याने मान वर करून खटक्याकडे पाहिले. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग त्याने अधिकारी बाईंकडे पाहिले, गुडघे टेकून बसलेल्या बहिणीकडे पाहिले, आणि टेबलावर कोपर टेकल्यासारखे करून खटका उजवीकडे फिरवला.

सेटमधून माणसांचे आवाज धो धो आले. दादा उठला, केबलच्या टोकाचा सांधा मुठीत धरून त्याने दाबला आणि मोठ्याने म्हणाला, "लागला बघा. सांधा सुटला होता."

खाली बसून त्याने मला पायाने टेबलाखाली आत सरकवले आणि माझ्यावर एक ओला कपडा टाकला. कोणी हात लावू नये म्हणून.

मी आजवर पुष्कळ काही गिळले आहे, पण ते वाक्य मला गिळता आले नाही.

संध्याकाळी गोल बसला. बेकरीवाल्याने सांगितले की बॅटरीच्या तारा उलट्या जोडता जोडता राहिलो. दादाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला की पाण्याच्या बाटल्या कमी आणल्या. मला त्याच्या टेबलाखालून तो गोल दिसत होता. मी वाट पाहत होतो की तो आणखी काही बोलेल. तो मूग गिळून गप्प बसला. मग धाकटी उभी राहिली. खरे तर गोलात कोणी उभे राहत नाही.

"माझा सांधा कच्चा होता," ती म्हणाली. "मला तो अजूनही दिसत नाहीये. म्हणजे माझी नजरच कच्ची. टाकीचं काम मला देऊ नका."

दादा तिच्या शेजारीच बसला होता. तो गवत उपटत राहिला.

घरी जाऊन तिने त्या केबलचे सगळे सांधे कापले, उभे चिरले आणि भिंगाखाली धरले. सगळे सांधे स्वच्छ होते, चांदीसारखे भरलेले. दोष सापडला असता तर ती सावरली असती. दोष सापडलाच नाही, म्हणून तिचा आपल्या हातांवरचा विश्वास उडाला. तिने सोल्डरचे हत्यार गुंडाळून ठेवले आणि मंडळात जाणे सोडले. टाकीचे काम एका ठेकेदाराच्या माणसांनी केले. मंडळाच्या फळीवर नवा धडा लिहिला गेला, 'सांधे दोनदा तपासावेत.' धडा चांगला होता. फक्त तो कुठल्याच खऱ्या चुकीतून निघालेला नव्हता.

दादाने त्यानंतर मला कधी सेटला जोडले नाही. मला पाहिले की त्याची नजर वळायची. आधी मी दुकानातल्या फळीवर मागे गेलो, मग खाली आलो, मग दुकानाचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी बसलो. येणाराजाणारा मला पायाने सरकवायचा. झाकणाच्या कडेला गंज धरला. मला त्याचे इतके वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले की दादाने 'आधी खटका बघा, मग तोंड उघडा' हे वाक्य म्हणणे बंद केले. नक्कलही बंद केली. नव्या माणसांना ती गोष्ट कोणी सांगेनासे झाले.

त्या नव्या माणसांत एक परिचारिका होती. उत्साही बाई. काही वर्षांनी मैदानावर तिला स्वतंत्र टेबल मिळाले आणि चाचणीसाठी डबा हवा होता. दुकानात शिरताना तिचा पाय मला लागला. तिने वाकून माझे पितळी तोंड पाहिले आणि दादाला विचारले की हा चालतो का. दादा म्हणाला की जुना आहे, सांगता येत नाही. तरी तिने मला उचललेच. एवढ्या वर्षांनी कुणीतरी मला हातात धरले होते. मी खुळ्यासारखा खूश झालो.

त्या दिवशी धाकटीही मैदानावर आली होती. तारमास्तर आता फार थकले होते. धरून चालवायला कोणी असेल तरच येईन, आणि धरणारी धाकटीच हवी, असा त्यांनी हट्ट धरला होता. तिने त्यांना सावलीत खुर्चीवर बसवले आणि चहाची किटली कुठे ठेवावी म्हणून ती परिचारिकेच्या टेबलापाशी आली.

परिचारिका सकाळपासून हाका मारत होती. उत्तर नव्हते. ती रडवेली होऊन म्हणत होती की केबलच कच्ची असणार, फळीवर लिहिलेच आहे. किटलीसाठी जागा करायला धाकटी वाकली आणि तिने मला दोन्ही हातांनी धरले.

मी तापलो होतो.

तिने हात लगेच काढले नाहीत. चटका बसत असेल, पण तिने काढले नाहीत. मग तिने खटक्याकडे पाहिले. मग दूरच्या टेबलाकडे, जिथे दादा बसला होता. ती उठली, खटका उजवीकडे फिरवला, आणि आवाज धो धो आले.

"खटका डब्यावर होता," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुमचा सेट चांगला आहे. केबल चांगली आहे. सांधेही चांगले आहेत."

परिचारिकेने कपाळावर हात मारला आणि ती म्हणाली की म्हणजे सकाळपासून मी डब्याशी बोलत होते. बेकरीवाला म्हणाला, "निदान उलट उत्तर तरी दिलं नाही त्यानं. आमच्या घरी तेवढंही सुख नाही." सगळे हसले. हसण्याचा आवाज ऐकून दादा आला, त्याने मला पाहिले, धाकटीच्या लाल झालेल्या हातांकडे पाहिले आणि तो तिथेच थांबला.

ती त्याला तंबूच्या कडेला घेऊन गेली. मला सगळे ऐकू येत होते.

"त्या वर्षी तू याच्यावर ओला कपडा टाकला होतास. मी पाहिलं होतं. मला वाटलं, उन्हानं तेल तापू नये म्हणून टाकतोयस. गरम होता का रे?"

दादाने माझ्याकडे वळून पाहिले. मग म्हणाला, "होता."

"आणि माझा सांधा?"

"सांध्याला काही झालं नव्हतं." तो म्हणाला. "बाई समोर उभ्या होत्या गं. सगळ्यांना मीच शिकवायचो. माझं हसं झालं असतं."

"माझं झालं तेव्हा तू शेजारीच बसला होतास, दादा."

 ती म्हणाली की आता संध्याकाळी गोल आहे, तिथे सांग, मला दुसरे काही नको. त्याने मान हलवली. ती हो म्हणणारी मान होती, मी शपथेवर सांगतो.

संध्याकाळ झाली. मला या वेळी गोलाच्या मधोमध ठेवले होते, कारण परिचारिकेला आपली चूक मला धरूनच सांगायची होती. तिने ती अशी खुलवून सांगितली की तारमास्तरही खोकेपर्यंत हसले. मग दादाची पाळी आली. धाकटीने गुडघ्यांभोवती हात घट्ट आवळले होते.

दादाने घसा खाकरला. "माझी चूक एकच," तो म्हणाला. "हा डबा मी द्यायलाच नको होता. जुना झालाय. तेल खराब झालंय, उगाचच तापतो, त्यानं घोटाळे होतात. तो काढून टाकू."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. लोकांनी माना डोलावल्या. जुन्या डब्याची बाजू कोण घेणार? मी तापलो म्हणजे माझ्या पोटातला सांधा पक्का होता. एवढ्या वर्षांच्या गंजातही तो तसूभर हलला नव्हता. धाकटीच्या हाताची साक्ष देणारा मी एकटाच होतो, आणि तिच्या भावाने त्या साक्षीलाच खोटे पाडले.

आता पाळी धाकटीची होती. ती एक वाक्य बोलली असती तर सगळे उघड झाले असते. पण गोलात दुसऱ्याची चूक सांगायची नसते, आणि ज्याने रीत मोडली त्याच्यासाठी आपण ती मोडावी असे तिला वाटले नाही. ती शांतपणे म्हणाली, "माझी चूक या वर्षीची नाही, जुनी आहे. मी माझ्या सांध्यावर विश्वास ठेवायला हवा होता. तो मी दुसऱ्यावर ठेवला."

तारमास्तरांचे बोट खुर्चीच्या हातावर वाजत होते, ते थांबले. "कुणावर?" त्यांनी विचारले.

"ते माझ्या वाट्याचं नाही, मास्तर. ज्याच्या वाट्याचं आहे, त्याची पाळी होऊन गेली."

कोणी हसले नाही. तारमास्तरांनी वळून दादाकडे पाहिले. दादा पुन्हा गवत उपटत होता. धाकटी उठली, गोलाच्या मधे आली, आपल्या शालीत मला गुंडाळले आणि तारमास्तरांना एका हाताने धरून घरी निघाली. मी अजून कोमट होतो.

आता मी तिच्या टेबलावर असतो. तिने माझे तेल बदलले, गंज घासला, झाकणावर लाल पट्टा ओढला. मंडळाच्या फळीवर 'आधी खटका बघा' हा धडा परिचारिकेच्या नावावर लिहिला गेला आहे. 'सांधे दोनदा तपासावेत' हा धडा अजूनही तिथेच आहे, कारण तो पुसू शकणारा माणूस एकच, आणि तो पुसत नाही. पाण्याची टाकी प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसते. वारा सुटला की ठेकेदाराचे सांधे कुरकुरतात आणि कचेरीतला आवाज तुटतो, असे लोक सांगतात. धाकटी ते ऐकते आणि दातांवरचे काम पुढे करते.

आई तिला समजावते, "आपलेच दात, आपलेच ओठ, किती धरून बसशील?" धाकटी म्हणते, "मी कुठे काही बोलते, आई?" ती खरेच काही बोलत नाही. सणासमारंभाला भावाच्या घरी जाते, त्याच्या मुलांचे कौतुक करते, त्याच्या ताटात आपल्या हाताने वाढते. फक्त त्याला काही दुरुस्त करायला देत नाही.

मात्र सोल्डरचे हत्यार तिने पुन्हा बाहेर काढले आहे. घातलेला प्रत्येक नवा सांधा ती आधी माझ्यावर तपासते, माझ्या पोटावर तळवा ठेवते आणि मी तापलो की हळूच म्हणते, "आहे रे, पक्का आहे." तेवढ्यासाठी मी पुन्हा पुन्हा तापायला तयार आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे जुने काहीतरी कोपऱ्यात पडले असेल. त्याला अधूनमधून पुसा, तेलपाणी करा. आणि कुठे काही बिघडले, तर कुणाच्या हातावर दोष ठेवण्याआधी वाकून एकदा टेबलाखाली हात लावून पाहा. डबा गरम लागला, तर त्यावर ओला कपडा टाकू नका. तेव्हाच, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगा. चटका थोडाच वेळ राहतो.

मी गप्प राहिलो, कारण मी मुका आहे. त्याला तर तोंड होते.